साठ की आठ? मागावर काम करणाऱ्यांसाठी नीट बसणारा इअरप्लग कसा निवडायचा

माझ्या वडिलांनी इचलकरंजीत 35 वर्षं साधा माग चालवला. आता भाजी आणताना दुकानदार "साठ" म्हणतो आणि त्यांना "आठ" ऐकू येतं. आवाज पोचतो, पण त्यातला "स" गळून पडतो. गोंगाटाने कान जातो तेव्हा आधी उंच पट्टीचा भाग जातो, साधारण 4000 हर्ट्झच्या आसपासचा. स, श, फ यांसारखी हलकी, फुसफुसती अक्षरं त्याच बाजूची. म्हणून अशा माणसाला मोठ्याने बोललं तरी "ऐकू येतंय रे, कळत नाही" असंच तो म्हणतो. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. औषध नाही, ऑपरेशन नाही.

वडिलांच्या कारखान्यात एकदा इअरप्लग वाटले होते. सगळ्यांना एकाच मापाचे. त्यांच्या उजव्या कानात तो बसायचा, डाव्या कानातून तासाभरात सरकून बाहेर यायचा. कुणी माप बघितलं नाही, कसा घालायचा ते दाखवलं नाही. महिनाभरात ते प्लग देवघराच्या फळीवर जाऊन पडले. पुढे मी स्वतः कामगारांना प्लग बसवून देण्याच्या कामात आलो, तेव्हा कळलं की प्लग वाईट नव्हता. तो त्यांच्या कानाचा नव्हता.

हा लेख पुन्हा वापरता येणाऱ्या, म्हणजे सिलिकॉनच्या किंवा मऊ रबरासारख्या प्लास्टिकच्या प्लगबद्दल आहे. दांडीवर एकावर एक दोन-तीन छत्र्यांसारख्या कडा असतात, तो प्रकार. उदाहरणं मागाच्या कारखान्याची दिली आहेत, कारण ते मला जवळून माहीत आहे. प्रेस शॉप, फाउंड्रीचं फेटलिंग (ओतीव माल घासून साफ करणं), पिठाची गिरणी, सुतारकामाचा रंधा, सगळीकडे रीत हीच.

आधी आवाज किती आहे ते बघा

साध्या मागांच्या कारखान्यात धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तुकडा, दर सेकंदाला दोन-तीनदा आपटत असतो आणि आवाज 100 डेसिबलच्या आसपास जातो. तुमच्याकडे मीटर नसेल तर साधी खूण आहे. दोन मीटरवरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तिथे 85 च्या आसपास आहे असं धरा. एका मीटरवरही ओरडावं लागत असेल, तर 90 किंवा त्याहून जास्त. मोबाइलचं ॲप अंदाजापुरतं ठीक आहे. स्वस्त फोनचा माइक मोठ्या आवाजाला दबतो आणि आकडा कमी दाखवतो, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडच्या कारखाना नियमांत 8 तासांना 90 डेसिबल ही मर्यादा आहे. 95 ला 4 तास, 100 ला 2 तास, 105 ला 1 तास आणि 115 च्या वर संरक्षणाशिवाय अजिबात नाही. हे सगळं 8 तासांच्या पाळीचं गणित आहे. मागावर 12 तासांची पाळी सर्रास चालते. त्याच नियमाने हिशेब केला तर 12 तासांना मर्यादा 87 वर येते. अमेरिकेची कामगार-आरोग्य संशोधन संस्था नायॉश याहून कडक आहे, ती 8 तासांनाच 85 सांगते. मी स्वतः 85 धरून चालतो. कान गेल्यावर नियमात बसत होतं म्हणून कुणाचं समाधान होत नाही.

पाकिटावरचा आकडा कसा वाचायचा

प्लग किती डेसिबल अडवतो हे सांगणारा एनआरआर किंवा एसएनआर असा आकडा पाकिटावर असतो. एनआरआर ही अमेरिकी पद्धत, एसएनआर युरोपची. एकाच प्लगचा एसएनआर सहसा एनआरआरपेक्षा थोडा जास्त दिसतो, म्हणून एका पाकिटावरचा एनआरआर आणि दुसऱ्यावरचा एसएनआर शेजारी ठेवून तुलना करू नका. यातला एकही आकडा नसलेला प्लग कामासाठी घेऊ नका, तो कितीही मऊ लागू दे. पोहण्याचे प्लग पाणी अडवतात, आवाजासाठी ते बनवलेले नसतात. मोबाइलचे इअरफोन तर उलटे काम करतात. मागाच्या आवाजावर गाणं ऐकू यावं म्हणून माणूस आवाज वाढवत जातो आणि कानावर दोन्हींचा मारा होतो.

आता समजा एनआरआर 25 आहे. याचा अर्थ 100 मधून 25 गेले आणि 75 उरले, असा नाही. कारखान्यात आवाज ज्या मोजमापात घेतात त्यासाठी आधी 7 वजा करायचे. उरले 18. प्रयोगशाळेत बसतो इतका नीट प्लग बसला, तर 100 चा आवाज कानात 82 होतो. पण प्रत्यक्ष कारखान्यात प्लग तितके नीट बसत नाहीत, हे जगभर मोजून झालं आहे. म्हणून अमेरिकेचं कामगार सुरक्षा खातं, ओशा, त्या 18 ची निम्मी किंमत धरायला सांगतं. मग हाती लागतात 9, आणि कानात जातो 91.

82 आणि 91 यात फरक नऊचा दिसतो, पण डेसिबलच्या हिशेबात तो कानावर येणाऱ्या ऊर्जेच्या जवळजवळ 8 पटींचा आहे. पाकीट तेच, पैसे तेच. म्हणून 25 चा प्लग घ्यायचा की 27 चा, यावर दुकानात घासाघीस करू नका. तुमच्या दोन्ही कानांत चारही बाजूंनी टेकणारा प्लग शोधा. तो 22 चा असला तरी चालेल.

सगळ्यात मोठा आकडा घ्यावा असंही नाही. युरोपच्या मार्गदर्शनात प्लगच्या आत 75 ते 80 पोचावं असं सांगतात. 70 च्या खाली गेलं की माणसाला भोंगा, फोर्कलिफ्टचा हॉर्न, मागे कुणी मारलेली हाक ऐकू येत नाही. मग तो वैतागून प्लग काढून टाकतो. 90 च्या आवाजात काम करणाऱ्याला भलामोठा आकडा लागत नाही. उलट 105 च्या वर काम असेल तर नुसता प्लग पुरणार नाही. प्लग आणि त्यावर इअरमफ, म्हणजे पूर्ण कान झाकणाऱ्या वाट्या, असं दोन्ही लागतं. तिथेही दोन आकड्यांची बेरीज होत नाही, मोठ्या आकड्यात साधारण 5 ची भर पडते.

कान तपासून घ्या

कानातून पाणी किंवा पू येत असेल, दुखत असेल, पडद्याला भोक असेल किंवा कानाचं ऑपरेशन झालं असेल, तर आधी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा. तोवर इअरमफ वापरा. मळ घट्ट झाला असेल तर प्लग तो आणखी आत ढकलतो आणि मापही चुकवतो. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्या. काडी, किल्ली, हेअरपिन, बाजारात फिरणारा कान साफ करणारा, यांतलं काही नको. प्लग घालायच्या आधी कानात तेल घालण्याची सवय काहींना असते. त्याने कडा निसटतात.

माप

कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते आणि सरळ नसते, थोडी वळलेली असते. कुणाची गोल, कुणाची चपटी. एकाच माणसाचे दोन कान वेगळ्या मापाचे असतात, हे सांगितलं की लोक हसतात. मग आरशात बघितल्यावर गप्प होतात. बायकांची नळी सरासरीने लहान असते. वहिफणीत, म्हणजे मागासाठी धागे ओवण्याच्या कामात असलेल्या बायकांना पुरुषांच्या मापाचा प्लग दिला की पहिल्याच दिवशी कान दुखतो, आणि "आमच्यानं होत नाही" म्हणून प्लग परत येतो. दोष त्यांचा नसतो.

प्लग लहान, मध्यम, मोठा अशा तीन मापांत मिळणारा असेल तर तोच घ्या. चांगल्या पुरवठादाराकडे कानाचं तोंड मोजायची छोटी गोळ्यांची पट्टी असते. ती नसेल तर मध्यमपासून सुरू करा आणि दोन्ही कान वेगवेगळे बघा.

माप मोठं झालं की पहिली कडच जेमतेम आत जाते, बाकी प्लग बाहेर लोंबतो आणि पाच मिनिटांत दाब जाणवतो. माप लहान झालं की प्लग सहज, काही अडथळा न लागता आत जातो आणि बोटाने हलवला तर आत डुलतो. बरोबर मापाचा प्लग थोडा विरोध करत आत जातो आणि सगळ्यात मोठी कड कानाच्या तोंडाशी चहूकडून टेकते. ती कुठेही दुमडलेली नसते. डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला मोठा लागला, तर तसेच दोन घ्या. दोन पाकिटांतून एक जोडी करावी लागेल. करा. मोठा उजवीकडे आहे हे कळायला दांडीवर पक्क्या शाईचा ठिपका द्या.

दोरीबद्दल थांबून सांगतो. दोरीवाला प्लग हरवत नाही, गळ्यात राहतो, म्हणून सगळे तोच मागतात. पण मागाजवळ, लेथजवळ, कुठल्याही फिरत्या भागाजवळ लोंबती दोरी ठेवू नका. धागा जोडायला वाकलं की ती पुढे येते. अशा ठिकाणी बिनदोरीचा प्लग आणि खिशात झाकणाची डबी. दोरीच हवी असेल तर ती मानेमागून घेऊन सदऱ्याच्या आत टाका. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात निळ्या रंगाचे, मेटल डिटेक्टरला सापडणारे प्लग मिळतात. तिथे तेच वापरायचे.

फोमचे प्लग जास्त आवाज अडवतात, मग ते का नकोत, असं विचारतात. नको असं नाही. पण फोमचा प्लग बोटांनी बारीक वळून आत घालावा लागतो, आणि मागावरच्या माणसाच्या बोटांना तेल, ग्रीस, खळ लागलेली असते. ती सगळी कानात जाते. कडांचा प्लग दांडीला धरून घालता येतो, कानात जाणाऱ्या भागाला हात लागत नाही. दिवसातून दहा वेळा काढ-घाल करणाऱ्या जॉबरला, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणाऱ्याला, किंवा दिवाणजीला हाच बरा. मागाच्या कारखान्यात धागा तुटू नये म्हणून दमट हवा ठेवतात. त्या घामात कान झाकणारा मफ कुणी 12 तास ठेवत नाही, हेही एक कारण.

कानात घालण्याची रीत

प्लग कारखान्याच्या दाराबाहेर घाला, मशिनजवळ जाऊन नाही. हात धुवा. उजव्या कानात घालताना उजव्या हाताने प्लगची दांडी धरा. डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाची पाळी वर आणि मागे ओढा. खालची लोंबती पाळी नाही, कानाचा वरचा भाग. यानेच वळलेली नळी सरळ होते. हात डोक्यावरून न्यायला लोकांना लाज वाटते, म्हणून ते त्याच हाताच्या बोटाने कान ताणतात आणि प्लग तिरका जातो. मी शिकवताना या एका गोष्टीवर सर्वांत जास्त वेळ घालवतो.

पाळी ओढून धरलेली असतानाच प्लग थोडा डावी-उजवीकडे हलवत, किंचित फिरवत आत सरकवा. दिशा डोळ्याकडे, म्हणजे थोडी पुढे. जोर लावू नका. दुखलं तर थांबा, बाहेर घ्या, पुन्हा करा. बसल्यावर पाळी सोडा, मग दांडी. कोरड्या कानात घासत असेल तर कडा नुसत्या स्वच्छ पाण्याने ओल्या करा.

बसला की नाही, हे कसं कळणार

दोरी किंवा दांडी हलकेच ओढा. नीट बसलेला प्लग सुटत नाही, आत थोडं ओढल्यासारखं वाटतं. सरळ हातात आला तर पुन्हा घाला.

मग तोंड मिटून "ऊंऽऽ" असा गुणगुणता आवाज काढा. दोन्ही कान बंद झाले असतील तर आवाज डोक्याच्या मधोमध, घागरीत बोलल्यासारखा घुमतो. एकाच बाजूला घुमला तर तो कान बंद झालाय आणि दुसरा गळतोय. पुष्कळ जण उलटं समजतात, घुमणाऱ्या कानातला प्लग काढून पुन्हा घालतात. घुमणं हीच चांगली खूण.

तिसरी तपासणी चालू मागाजवळ करायची, आणि मला ती सगळ्यात भरवशाची वाटते. प्लग घातलेले असतानाच दोन्ही तळहात ओंजळीसारखे करून कानांवर घट्ट दाबा, मग काढा. पुन्हा दाबा, काढा. आवाजात विशेष फरक पडत नसेल तर प्लग बसलाय. हात ठेवल्यावर आवाज स्पष्टपणे खाली जात असेल तर कुठेतरी फट आहे. केसाएवढी फटही पुरते. भिंतीला दाराएवढं भोक असण्याची गरज नाही, खिडकीची चीर राहिली तरी रस्त्याचा आवाज आत येतो.

यानंतर खुर्चीत बसून राहू नका. जबडा उघडा, मिटा, चावल्यासारखं करा, मान वळवा, वाका. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. मागावर काहींचं तंबाखू किंवा माव्याचा बार लावून तोंड चालूच असतं, आणि त्यांचेच प्लग दिवसभर हळूहळू बाहेर येताना मी बघितले आहेत. असा माणूस असेल तर अर्धा तास त्याला काम करू द्या आणि मग ओंजळीची तपासणी पुन्हा घ्या. अर्ध्या तासाने टिकला तो प्लग खरा.

मोठ्या कारखान्यांत आता प्लग घातलेल्या प्रत्येक कामगाराच्या कानात नेमका किती आवाज अडतो, हे यंत्राने मोजतात. पुरवठादाराकडे विचारा. 50 माणसांची खरेदी असेल तर यंत्र घेऊन या, असं हक्काने सांगा.

काढून ठेवला की काय होतं

हा हिशेब मी फळ्यावर मांडून दाखवतो. समजा तुमचा प्लग खरोखर 20 डेसिबल अडवतो. 8 तासांच्या पाळीत तो एकूण फक्त अर्धा तास काढला, दहा मिनिटं इथे, पाच तिथे, बोलायला, बिडीला, पण मागांच्या आवाजातच. पाळीअखेर हातात सरासरी 20 नाही, 11 च्या आसपास पडतात. प्लग साडेसात तास कानात असूनही. म्हणून बोलायचं असेल तर बाहेर या आणि मग काढा.

"प्लग घातला तर माग बिघडलेला कळणार कसा?" हा जुन्या जॉबरांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. धोटा अडला, पट्टा सैल झाला, हे त्यांना आवाजावरून कळतं. प्लग सगळाच आवाज खाली आणतो, बिघाडाचाही आणि बाकी गोंगाटाचाही, आणि ज्यांचा कान चांगला आहे त्यांना मोठ्या गोंगाटात प्लग घालून समोरच्याचं बोलणं काही वेळा उलट स्पष्ट ऐकू येतं. नव्या आवाजाची ओळख व्हायला मात्र आठवडा-दोन आठवडे जातात. ज्यांचा कान आधीच उतरलाय त्यांना अडचण जास्त येते. त्यांच्यासाठी सर्व पट्ट्या सारख्या कमी करणारे प्लग बघा, आणि त्यांच्या मागाजवळ दिव्याचा इशारा लावा.

वर्षातून एकदा श्रवण तपासणी करून घ्या. आवाजाच्या कारखान्यात कामावर घेताना आणि नंतर दर वर्षी ती करून देणं मालकाचं काम आहे, प्लग फुकट देणंही. गोंगाटाने आलेला बहिरेपणा कायद्याने व्यवसायजन्य रोग आहे. तपासणी सुट्टीनंतरच्या सकाळी, पाळीला जायच्या आधी घ्या. कानाला 14 तास तरी विश्रांती हवी, नाहीतर कालच्या पाळीचा थकवाच कागदावर येतो. पाळीवरून घरी आल्यावर टीव्हीचा आवाज सकाळपेक्षा वाढवावा लागत असेल किंवा झोपताना कानात किर्र वाजत असेल, तर तपासणीची वाट बघू नका. प्लग त्याच रात्री पुन्हा बसवून बघा.

धुणं आणि बदलणं

काढताना दांडी धरून हळू फिरवा, आत हवा जाऊ द्या, मग बाहेर घ्या. दोरीला धरून झटक्यात ओढला तर पडद्याला ओढ बसते.

रोज पाळीनंतर कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, मगच डबीत ठेवा. ओला प्लग बंद डबीत ठेवला की दुसऱ्या दिवशी कानाला खाज येते. थिनर, रॉकेल, स्पिरिट लावू नका, कडा ताठ होतात. एकमेकांचे प्लग वापरू नका, भावाचाही नाही.

किती दिवस टिकतो ते घाम, कानातला मळ आणि धुण्यावर असतं. कुणाचा काही आठवडे, कुणाचा काही महिने. नजरेला तो नवाच दिसतो, म्हणून मी एक युक्ती करतो. दोन जोड्या एकदम घ्यायच्या, एक न वापरता बंद ठेवायची. महिन्याच्या पहिल्या तारखेला जुना आणि नवा शेजारी धरून कडा बोटांत दाबायच्या. नवी कड दाबली की लगेच उसळून गोल होते. जुनी हळू उठत असेल, चपटीच राहत असेल, कडक लागत असेल किंवा बारीक चीर दिसत असेल, तर त्या दिवशी नवी जोडी कानात आणि जुनी कचऱ्यात. मग दुकानातून पुन्हा एक जोडी आणून डबीत ठेवायची, त्याच मापाची, ठिपका उजवीकडे.